डॉलरचा हिशेब आणि सोयाबीनचा भाव

मेहकरहून लोणारकडे जाताना सुलतानपूर लागते. हा मुलूख पूर्वी वऱ्हाडात मोडत होता आणि वऱ्हाड निजामाच्या राज्यात. १८५३ साली तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यासाठी लढाई झाली नाही, वेढा पडला नाही, कोणी शरणही आले नाही. निजामाकडे ईस्ट इंडिया कंपनीचे देणे थकले होते आणि त्या देण्यापोटी प्रांत लावून दिला गेला. परकीय कर्ज या विषयाला बुलढाणा जिल्ह्यात असा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

हे देणे कशाचे होते? ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाच्या फौजेच्या पगाराचे. फौज निजामाच्या नावाची आणि खर्चही त्याचाच, पण अधिकारी इंग्रज आणि हुकूम रेसिडेंटचा. त्याआधी विल्यम पामर या हैदराबादच्या सावकारी पेढीकडून निजाम सरकारने जबर व्याजाने कर्जे उचलली होती. पुढे पगार थकले, कंपनीने ते स्वतः भरले आणि निजामाच्या खात्यावर व्याजासह मांडले. लॉर्ड डलहौसीने वसुलीचा तगादा लावला. मे १८५३च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव हे प्रदेश कंपनीकडे सोपवावे लागले. १८६०च्या नव्या तहात सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, पण कापसाचे वऱ्हाड इंग्रजांनी ठेवून घेतले. दिवाण सालारजंग यांनी ते परत मिळवण्यासाठी पुढे विलायतेपर्यंत खटपट केली. उपयोग झाला नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाडाचा कायमचा पट्टा लिहून घेतला.

या प्रकरणात कर्जाचा आकडा फार मोठा नव्हता. कर्ज ज्या कामासाठी झाले त्यातून एक पैसाही परत येणार नव्हता, हा खरा घोळ होता. फौज मिळकत देत नव्हती, दरमहा खर्च तेवढा लावत होती. शिवाय खर्च किती करायचा हे ठरवणारा आणि पैसे वसूल करणारा एकच होता. देशाचे परकीय कर्ज धोक्याचे की कामाचे, हे आजही याच बाजूने तपासावे लागते. रक्कम किती, हा प्रश्न नंतरचा. पैसा कशावर खर्च झाला, त्यातून काय उभे राहिले आणि तो कोणत्या चलनात फेडायचा आहे, हे आधी विचारायचे.

तूट म्हणजे काय

वर्तमानपत्रात ‘चालू खात्यावरील तूट’ हे शब्द येतात तेव्हा त्यामागे साधा हिशेब असतो. वर्षभरात देशाने बाहेरून माल आणि सेवा घेतल्या, बाहेरच्यांना व्याज आणि नफा दिला. उलट बाजूने माल आणि सेवा विकल्या, परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांनी घरी पैसे पाठवले. या येण्या-जाण्यातली वजाबाकी उणे आली की ती तूट. व्यापारी तूट हा तिचा एक भाग, कारण तिच्यात फक्त माल मोजतात.

भारताची मालाची तूट मोठी आहे. कच्चे तेल, सोने, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, खाद्यतेल आणि खते यांचा तिच्यात मोठा वाटा आहे. ती बरीचशी भरून काढतात दोन गोष्टी. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्या परदेशी ग्राहकांना विकत असलेली सॉफ्टवेअर आणि इतर सेवा ही एक. आखातात, अमेरिकेत, इंग्लंडमध्ये काम करणाऱ्यांनी घरी पाठवलेला पैसा ही दुसरी. २०२४-२५ मध्ये असा पाठवलेला पैसा सुमारे १३५ अब्ज डॉलर होता. त्यामुळे सगळी वजाबाकी झाल्यावर त्या वर्षी चालू खात्यावर उरलेली तूट २३.३ अब्ज डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६ टक्के होती.

जी तूट उरते ती कशाने तरी भरावी लागते. परदेशी कंपन्या इथे कारखाने काढतात, परदेशी गुंतवणूकदार शेअर घेतात, अनिवासी भारतीय इथल्या बँकांत ठेवी ठेवतात, सरकार, बँका आणि कंपन्या बाहेरून कर्ज काढतात. हे सगळे मिळूनही भागले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीतले डॉलर खर्ची पडतात. म्हणजे तूट हा वर्षाचा हिशेब आणि कर्ज ही अनेक वर्षांच्या तुटींची साचलेली बाकी. दरवर्षी तूट येत राहिली आणि ती कर्जानेच भरली, तर बाकी फुगत जाते. मग व्याजही त्याच चालू खात्यातून जाते आणि पुढच्या वर्षीची तूट आणखी वाढते.

विकसनशील देशाला तूट असणे यात पाप नाही. अशा देशात बचत कमी आणि करायची कामे जास्त असतात. धरणे, वीज, रस्ते, यंत्रे यांना लागणारा पैसा देशातल्या बचतीतून निघत नाही, तेवढा बाहेरून येतो. दक्षिण कोरियाने १९७०-८०च्या दशकांत भरपूर परकीय कर्ज काढले. त्यातून पोलाद, जहाजे आणि मोटारी तयार झाल्या, त्या परदेशात विकल्या गेल्या आणि कर्ज फेडण्याइतके डॉलर आले. श्रीलंकेचे उलटे झाले. करकपात, कोसळलेले पर्यटन आणि २०२१ मध्ये रासायनिक खतांवर अचानक घातलेली बंदी यांनी डॉलरची आवक आटली. एप्रिल २०२२ मध्ये त्या सरकारने परकीय कर्जाची फेड थांबवत असल्याचे जाहीर केले. कर्ज दोघांनीही काढले होते. एकाने फेडीचे चलन कमावण्याची सोय केली, दुसऱ्याची होती तीही गेली.

फेडायचे कोणत्या चलनात

समजा, गावच्या सोसायटीने पीककर्ज देताना अट घातली की फेड रुपयांत घेणार नाही, गव्हाच्या क्विंटलमध्ये घेऊ. तुमच्या शेतात मात्र सोयाबीन आणि तूर पिकते. तेव्हा सोयाबीन विकून गहू विकत घेऊनच कर्ज फेडावे लागेल. गहू महागला की तुमची काही चूक नसताना कर्ज वाढले. डॉलरमधल्या कर्जाचे असेच असते. रुपया घसरला की कर्जाचा डॉलरमधला आकडा तोच राहतो, रुपयातला वाढतो.

याचे जवळचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात आहे. हवामान बदलाला तोंड देणारी शेती उभी करण्यासाठी राज्य सरकारने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे ‘पोकरा’, सुरू केला. मराठवाडा आणि विदर्भातले जिल्हे, त्यांत बुलढाणाही, त्यात आहेत. शेततळी, ठिबक, तुषार संच, शेडनेट यांचे अनुदान त्यातून शेतकऱ्यांच्या खात्यावर आले. पहिला टप्पा सुमारे ४,००० कोटींचा होता. त्यातला ७० टक्के पैसा जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जाचा. म्हणजे ज्याच्या शेतात पोकराचे ठिबक पसरले, त्याच्या ओलिताच्या मागे एक डॉलरचे कर्ज उभे आहे.

२०१८ मध्ये करार झाला तेव्हा डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता. त्या दराने ४२ कोटी डॉलर म्हणजे २,७३० कोटी रुपये. ८५ रुपयांच्या दराने तीच रक्कम ३,५७० कोटी होते. कर्ज टप्प्याटप्प्याने उचलले जाते आणि फेड लांबच्या मुदतीची असते, त्यामुळे हा फरक एका दिवसात अंगावर येत नाही, पण तो कोणाला तरी सोसावाच लागतो. संविधानाच्या अनुच्छेद २९३ प्रमाणे राज्याला कर्ज देशाच्या आतच काढता येते, म्हणून बाहेरच्या कर्जावर सही केंद्राची. २००५ पर्यंत रुपयाच्या घसरणीचा भारही केंद्र उचलत असे. बाराव्या वित्त आयोगानंतर असे कर्ज महाराष्ट्रासारख्या राज्यांना आहे त्याच अटींवर पुढे दिले जाते. घसरणीचा भार आता मुंबईच्या तिजोरीवर.

महाराष्ट्राने हा धडा याआधी दाभोळमध्ये घेतला आहे. गुहागर तालुक्यातल्या एन्रॉनच्या वीज प्रकल्पाशी राज्य वीज मंडळाने जो करार केला, त्यातला विजेचा दर डॉलरशी आणि आयात इंधनाच्या किमतीशी बांधलेला होता. वीज मंडळ मात्र ग्राहकाकडून रुपये वसूल करत होते, तेही सगळ्यांकडून पूर्ण नाही. १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला, वाटाघाटी होऊन पुन्हा सुरू झाला, १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. मधल्या काळात डॉलर ३१ रुपयांवरून ४६-४७ वर गेला होता. देणे डॉलरच्या हिशेबाने आणि कमाई रुपयात, हे गणित मंडळाला झेपले नाही.

सोने विमानाने गेले तेव्हा

सगळ्या देशाला हा धडा १९९१ मध्ये मिळाला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला. खनिज तेल भडकले, आखातातल्या भारतीयांना कामधंदा सोडून परतावे लागले, त्यांच्याकडून येणारा पैसा घटला आणि अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. १९९०-९१ मध्ये चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवर गेली. परकीय कर्ज सुमारे ८४ अब्ज डॉलर झाले होते. चालू खात्यावर आलेल्या दर १०० डॉलरपैकी सुमारे ३५ डॉलर कर्जाचे हप्ते आणि व्याज यांतच जात होते. गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती.

मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत २० टन सोने परत विकत घेण्याच्या अटीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला विकले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या साठ्यातले जवळपास ४७ टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला पाठवले आणि ते तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. त्याच महिन्याच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. त्यानंतरच्या सुधारणांची चर्चा खूप होते. त्यांची सुरुवात मात्र हातातले डॉलर संपल्यामुळे झाली होती.

२०१३ मध्ये पुन्हा धक्का बसला. २०१२-१३ मधली तूट ४.८ टक्क्यांवर गेली होती आणि सोन्याची आयात हे तिचे एक मोठे कारण होते. अमेरिकेची मध्यवर्ती बँक पैशाचा ओघ आवरता घेणार अशी नुसती कुणकुण लागताच परदेशी गुंतवणूक बाहेर पडू लागली आणि ऑगस्टच्या अखेरीस डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला. सोन्यावरचे आयात शुल्क १० टक्के झाले आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने खास योजना आणली. या वेळी सोने गहाण पडले नाही, कारण गंगाजळी १९९१ च्या मानाने कितीतरी मोठी होती.

आजची स्थिती त्याहून भक्कम आहे. मार्च २०२५ अखेर भारताचे परकीय कर्ज ७३६.३ अब्ज डॉलर होते. १९९१ च्या जवळपास नऊपट. आकडा छातीत धडकी भरवणारा वाटतो, पण राष्ट्रीय उत्पन्नाशी त्याचे प्रमाण १९.१ टक्के होते, तर १९९१ मध्ये ते २८ टक्क्यांच्या वर होते. गंगाजळी ६६८ अब्ज डॉलर, म्हणजे कर्जाच्या नऊ-दशांश. एकूण कर्जात सरकारचा वाटा पावभागापेक्षा कमी होता, बाकीचे बहुतेक कंपन्या आणि बँकांचे. सुमारे ५४ टक्के कर्ज डॉलरमध्ये होते, तर सुमारे ३१ टक्के चक्क रुपयांत. हा शेवटचा आकडा सर्वांत दिलासा देणारा आहे, कारण रुपयातल्या कर्जात घसरणीचा धोका देणाऱ्याच्या गळ्यात असतो.

तुटीची गाठ बाजार समितीत

या सगळ्याचा सुलतानपूरच्या शेतकऱ्याशी संबंध येतो तो खाद्यतेलाच्या वाटेने. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. इंडोनेशिया-मलेशियातून पामतेल, अर्जेंटिना-ब्राझीलमधून सोयातेल, रशिया-युक्रेनमधून सूर्यफूल. वर्षाला साधारण दीड कोटी टन तेलावर अब्जावधी डॉलर जातात. लोणार-मेहकरच्या काळ्या रानात खरिपाला जे सोयाबीन उभे राहते, ते याच आयातीशी स्पर्धा करते.

सोयाबीन गाळले की साधारण १८ टक्के तेल आणि ८० टक्क्यांच्या आसपास पेंड निघते. तेल आयात वाचवते, पेंड निर्यात होऊन डॉलर आणते. म्हणजे हे पीक चालू खात्याला दोन्ही बाजूंनी हातभार लावते. तरीही भाव ठरताना शेतकऱ्याच्या हातात काही नसते. सरकारकडे आयात शुल्काची कळ आहे. शहरात तेल महागले की ती खाली दाबायची, शेतकरी ओरडला की वर ओढायची.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये काही बाजार समित्यांत सोयाबीन १०,००० रुपये क्विंटलला पोचले. कोंबडी-पालन उद्योगाची अडचण म्हणून १२ लाख टन जनुक-बदल सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली. नवा माल बाजारात आला तोवर भाव ५,००० च्या घरात उतरला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण शुल्क २७.५ टक्के केले, मे २०२५ अखेरीस ते १६.५ वर आणले. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि हंगामात बाजार बऱ्याच ठिकाणी त्याच्या खालीच राहिला. कापसाचेही तसेच. ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये उठवले आणि ती सवलत वेचणीच्या हंगामातून डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली.

रुपया घसरला तर काय होते? आयात तेल महागते, त्यामुळे सोयाबीनला आधार मिळतो. पण डीएपी खताचा मोठा हिस्सा आणि पोटॅश तर जवळपास सगळे बाहेरून येते, डिझेल कच्च्या तेलातून निघते. पेरणीला लागणारे सगळे डॉलरच्या चालीने महाग होते आणि विकताना मिळणारा भाव शुल्काच्या चालीने हलतो. पहिल्याची झळ सरकार अनुदानातून थोडी झेलते. दुसऱ्याची शेतकऱ्याला एकट्याने सोसावी लागते.

शुल्क कमी केल्याने महागाई दाबली जाते, यात खोटे नाही. मात्र त्यात आयात वाढते, डॉलर जास्त जातात आणि शेतकऱ्याला पुढच्या वर्षी तेलबिया पेरण्याचे कारण उरत नाही. आजची तूट उद्याची सवय होते ती अशी.

उपाय रानातच आहे, पण फुकट नाही

भारतात सोयाबीनचा उतारा हेक्टरी टनाच्या आसपास घुटमळतो. ब्राझीलमध्ये तो तीन टनांच्या वर आहे. आपले पीक पावसावर, मुदत कमी, त्यामुळे तेवढी उडी शक्य नाही. तरी वाढीला जागा आहे. जेएस ३३५ सारखा जुना वाण वर्षानुवर्षे पेरला गेला. त्यानंतर राहुरी विद्यापीठाचा फुले संगम आला, पुण्याच्या आघारकर संस्थेचे एमएसीएस मालिकेतले वाण आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने तेलबियांसाठी १०,१०३ कोटींचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले, तेही उत्पादन वाढवण्यासाठीच.

थोडे गणित मांडून पाहू. महाराष्ट्रात सोयाबीनचे क्षेत्र ४५ लाख हेक्टर धरा. एकरी फक्त १ क्विंटल उतारा वाढला तर हेक्टरी अडीच क्विंटल, म्हणजे एकूण सव्वाअकरा लाख टन जास्त सोयाबीन. त्यातून सुमारे २ लाख टन तेल. टनाला १,००० डॉलर धरले तर वर्षाला २० कोटी डॉलरची आयात टळते, पेंड वेगळीच. दीड कोटी टनांच्या आयातीपुढे हे तेल सव्वा-दीड टक्काच आहे. पण पोकराच्या कर्जापुढे ठेवून पाहा. ४२ कोटी डॉलरचे अख्खे कर्ज आणि राज्यभरात एकरी एका क्विंटलची दोन वर्षांची वाढ यांची जवळपास बरोबरी होते. कर्जाचे ठिबक, तुषार आणि शेततळे जर खरोखर असा क्विंटल वाढवत असतील, तर ते फेडीचे चलन स्वतःच कमावून देतात. नसतील, तर ते कर्ज निजामाच्या पगारी फौजेच्या खर्चाच्या जातीचे ठरते.

एक अट मात्र आहे. माल वाढला आणि त्याच महिन्यात आयात शुल्क उतरले, तर वाढलेल्या क्विंटलचा फायदा देशाच्या डॉलर खात्यात जमा होतो आणि तोटा शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो. तसा शेतकरी दोन हंगाम सोसतो आणि तिसऱ्या हंगामात मका पेरतो. म्हणून परकीय कर्ज आणि तूट यांचा विचार करताना दिल्लीने गंगाजळीच्या आकड्याबरोबर आणखी दोन गोष्टी मांडायला हव्यात. पेरणीच्या आधी जाहीर झालेले आणि मळणी होऊन माल विकेपर्यंत न बदलणारे आयात शुल्क, आणि बाजार हमीभावाखाली गेला की वेळेत उघडणारे खरेदी केंद्र. या दोन्हींचा खर्च रुपयांत करायचा आहे, आणि रुपये छापणारी बँक आपलीच आहे. डॉलर मात्र कमवावेच लागतात.